संग्रहालयातला डबा आणि रुळावरचा डबा

ब्रिटनमधल्या एखाद्या हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या छोट्या मार्गावर, स्वयंसेवकांनी जुना लाकडी डबा पुन्हा उभा केला, की आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांत दोन ठरलेले शेरे ऐकू येतात. 'शंभर वर्षांपूर्वीचा डबा, जसाच्या तसा!' नाहीतर, 'निम्मं लाकूड नवं, मग अस्सल उरलं काय?' ऐकून ऐकून कान किटले. दोघेही संग्रहालयाची मोजपट्टी घेऊन रुळावर आलेले असतात.

संग्रहालयातला डबा ओळखीचाच आहे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयातलं म्हैसूरच्या महाराजांचं सलून (म्हणजे खासगी शाही डबा) अनेकांनी पाहिलंय, इंग्लंडमधल्या यॉर्कच्या संग्रहालयात व्हिक्टोरिया राणीचं 1869 चं सलून आहे. आत पाऊल टाकायचं नाही, लांबून बघायचं. तिथे विटलेलं कापडसुद्धा पुरावा असतं, म्हणून हात कमीत कमी लावायचा. संपला विषय.

रुळावरच्या डब्यात माणसं बसणार, दारं आपटणार, ब्रेक लागणार, वर इंग्लंडातला पाऊस. त्या डब्यांच्या दारातली काच चामड्याच्या पट्ट्याने खाली सोडतात. ती दाराच्या पोकळीत उतरते आणि तिच्यामागून पाणीही उतरतं. त्यामुळे दाराची खालची पट्टी आणि डब्याच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडी खांबांचे बुडखे आधी कुजतात. छत म्हणजे फळ्यांवर ताणलेलं कॅनव्हास. ते फाटलं की वरून कूज सुरू. बाहेरून डबा ठणठणीत दिसतो, पॅनेल काढलं की आतल्या लाकडात बोट रुततं.

चांगले स्वयंसेवक अख्खा खांब फेकत नाहीत. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने बसवतात, काढलेला तुकडा मापासाठी जपून ठेवतात. म्हणजे एकाच खांबाचा वरचा भाग मूळचा आणि खालचा गेल्या वर्षीचा. याला नकली म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की डबा रोज धावत होता तेव्हाही रेल्वेच्या कारखान्यात हेच चालायचं. पॅनेल बदललं, गाद्या नव्या केल्या, गॅसचे दिवे जाऊन विजेचे आले. 'मूळ डबा' कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडला त्या दिवसापुरताच मूळ होता.

सगळ्यात जास्त गल्लत चाकांवरून होते. जुने डबे मोडीत निघाले तेव्हा चाकं आणि खालचं लोखंड भंगारात गेलं आणि लाकडी खोकी स्वस्तात विकली गेली. कुणी समुद्रकाठी सुट्टीचं घर केलं, कुणी परसात सामानाची खोली. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या स्टीम रेल्वेचे कित्येक चारचाकी डबे अशा घरांतूनच परत आलेत. खाली काहीच उरलेलं नव्हतं, म्हणून ब्रिटनच्या सदर्न रेल्वेच्या जुन्या पार्सल व्हॅनच्या तळाच्या पोलादी चौकटी कापून, लांबी जुळवून त्यांवर ती खोकी बसवली. वरचं लाकूड व्हिक्टोरियाच्या काळातलं, खालचं पोलाद नंतरच्या काळातलं. संग्रहालयाच्या हिशेबात हा दोष मोठा. माझ्या हिशेबात मुळीच नाही, कारण दुसरा पर्याय कोंबड्यांचं खुराडं होऊन कुजत राहण्याचा होता. अट एकच: ही अदलाबदल उघड लिहून ठेवावी. डब्याच्या माहितीफलकावर चौकटीचा उल्लेख गाळणारे मला अजिबात आवडत नाहीत.

पण उलट टोकालाही माझा विरोध आहे. एखादा डबा आतून अस्पर्श सापडला, मूळ रंगाचे थर, मूळ कापड, पॅनेलच्या पाठीवर सुताराने पेन्सिलीने टाकलेल्या खुणा, तर तो रुळावर आणूच नये. रंग खरवडला की थर गेले, ते परत मिळत नाहीत. असा डबा संग्रहालयाला द्यावा आणि रुळासाठी आधीच अर्धा मोडलेला शोधावा. उत्साही मंडळींना हे पटत नाही. त्यांना सगळंच चालवून बघायचं असतं.

याहून वेगळं उदाहरण वेल्समधल्या टॅलिलिनचं. 1865 ची ही छोटी रेल्वे 1951 पासून स्वयंसेवक चालवतात, जगात असं पहिल्यांदा तिथेच झालं. सुरुवातीच्या काळातले डबे अजून तिथेच धावतात. शोधून आणावे लागले नाहीत, डागडुजी होत होत टिकले. (त्यांना दारं एकाच बाजूला आहेत, फलाटाच्या.) इथे 'दुरुस्ती' कुठे थांबते आणि 'पुनर्निर्मिती' कुठे सुरू होते हे सांगायला गेलं, तर तारीखच सापडत नाही.

बाकी फरक किरकोळ. सागवानी डब्याला वॉर्निश द्यायचं की लाकडासारखा दिसणारा रंग लावायचा, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. मी वॉर्निशवाल्यांच्या बाजूचा. आणि 'माथेरानची गाडी पण हेरिटेजच ना?' असं विचारणाऱ्यांना: हो, पण 1907 ची ती लाइन मध्य रेल्वे चालवते, पगारी कर्मचाऱ्यांकडून. शनिवारी घरून जेवणाचा डबा घेऊन रंधा मारायला येणारे लोक तिथे नाहीत.