मन चिंती ते वैरी न चिंती

हरिहर किल्ल्याच्या उभ्या कातळपायऱ्यांवर, खोबणीत बोटं रुतवलेली असताना मनात चमकून जातं: हात सोडला तर? जगण्याचा कंटाळा वगैरे काही नसतो. 2012 साली अमेरिकेत 431 विद्यार्थ्यांची पाहणी झाली, त्यात आत्महत्येचा विचार कधीही न शिवलेल्यांनीही हा अनुभव सांगितला. संशोधकांचा तर्क असा, की धोका दिसताच शरीर आधी मागे सरतं. डोकं कारण मागाहून शोधतं आणि ‘मला उडीच मारायची होती’ असा उलटा अर्थ लावतं.

बाळ हातून खाली टाकलं तर, काळारामाच्या आरतीत भलतंच दृश्य डोळ्यांपुढे आलं तर, हीदेखील त्याच जातीची पिलावळ. 2014 सालच्या 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात 94 टक्के जणांना आधीच्या तीन महिन्यांत निदान एक तरी नकोसा विचार येऊन गेला होता. कुलूप-गॅसच्या शंका सर्वांत जास्त. लैंगिक आणि धर्माविषयीचे विचार कमी जणांनी सांगितले. (सांगायला जीभ रेटत नाही, हेही असेल.)

बिघडतं ते पुढे. ‘मनात आलं म्हणजे मी तसाच’ असं वाटलं की माणूस विचार दाबू लागतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली काहींना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं. मग मुभा दिली, तेव्हा त्यांच्या डोक्यात अस्वल सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबायचं म्हणजे ‘आला का?’ हे सतत बघणं आलंच. मग सुऱ्या लपवणं, बाळाला जवळ न घेणं, ‘मी असं करणार नाही ना गं?’ असं बायकोला दहादा विचारणं सुरू होतं. क्षणभर हायसं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो हे मेंदूत पक्कं होतं. हे रोजचं झालं तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. उपचार नेमका उलटा: तज्ज्ञाच्या मदतीने बाळाला मांडीवर घ्यायचं, विचार येऊ द्यायचा, त्यावर उतारा म्हणून नामस्मरण करायचं नाही, खात्री मागायची नाही. धडधड आपोआप ओसरते. न ओसरली तरी काही घडत नाही, हे कळतं.

सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, खुनाची कादंबरी आणून रात्र जागवणाऱ्याचं प्रकरण वेगळं. पुस्तक मिटायचा हक्क त्याच्याकडे असतो, म्हणून भीतीची मजा येते. डेन्मार्कच्या एका भूतघरात 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा भीती फार कमी किंवा फार जास्त झाली की मजा उतरत होती. निषिद्ध कल्पनारंजनातही लगाम आपल्या हाती असतो; कल्पनेतली गोष्ट प्रत्यक्षात हवीच असते असं नाही.

मात्र ठरावीक माणूस, वेळ, साधनांची जुळवाजुळव असा बेत आकार घेऊ लागला, किंवा स्वतःला संपवावंसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.