चिवटपणा रक्तातच असतो म्हणे!

‘काही माणसं जात्याच चिवट, बाकीची ढेपाळणारी, भरतीच्या वेळीच चाचणी घ्या, चाळणी लागते.’ एचआरच्या वर्तुळात हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि तसं सांगणारा पुरावा त्या चाचण्यांच्याच पोटात आहे.

चिवटपणा मोजणारी कॉनर-डेव्हिडसन मोजपट्टी (म्हणजे प्रश्नावलीच) २००३ ची. २५ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १००. उपचारांनी रुग्ण सुधारले तसे त्यांचे या पट्टीवरचे गुणही वाढले, हे तिच्या पहिल्याच शोधनिबंधात आहे. रक्तातली गोष्ट अशी वाढते होय?

चिवटपणाचीच २००८ ची छोटी पट्टी (ब्रीफ रेझिलियन्स स्केल) तर फक्त ६ वाक्यांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातली ३ उलटी: ‘अडचणीतून बाहेर पडायला मला जड जातं’ अशा धाटणीची. त्यांचे गुण उलटवूनच मोजायचे असतात. मी पूर्वी होतो त्या ऑफिसात एक्सेलमध्ये ते राहून गेलं. झालं, बेरजेत ५ आणि १ एकमेकांना खाऊन टाकत होते. खंबीर माणूसही ‘मध्यम’ आणि रडकुंडीला आलेलाही ‘मध्यम’! त्यावर दिवसभराची कार्यशाळासुद्धा झाली, समोशांसकट.

बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आजार म्हणून नव्हे. त्यामुळे माणसाचे गुण मोजताना सोबत शिफ्टचं वेळापत्रकही टेबलावर घ्यावं लागतं. आमच्याकडे सलग तीन आठवडे नाइट लागायची, ते त्या फॉर्ममध्ये कुणी विचारलंच नव्हतं.