कुंभारी शब्दांच्या नोंदींची पार्श्वभूमी

संक्रांतीचे सुगड, नवरात्रातला घट, दिवाळीची पणती, अक्षय्य तृतीयेचे करा-केळी ही नावे अजून घरोघर आहेत, कारण सण त्यांना दरवर्षी बाहेर काढतो. भांडे गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधीचे शब्द मात्र कुंभाराच्या अंगणातच राहिले. माती कशी मळली, ओल कुठवर उतरू दिली, चाकावरून उतरवल्यावर काय केले, आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या ढिगात, कोणते भांडे कुठे रचले, हे सांगणाऱ्या शब्दांची नोंद फारच थोडी झाली. असे का झाले, ते पाहायचे तर कोश करणाऱ्यांनी कोणते प्रश्न विचारले इथून सुरुवात करावी लागते.

धंदा जुना आहे. १९६८ ते १९८२ या काळात घोडनदीकाठी इनामगावला उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगातली कुंभाराची भट्टी सापडली. नाशिकच्या लेण्यांतल्या तिसऱ्या शतकातल्या एका लेखात ‘कुलरिक’ श्रेणीकडे, म्हणजे त्या धंद्याच्या संघाकडे, ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. ‘कुलाल’ या संस्कृत शब्दाशी नाते जोडून त्याचा अर्थ कुंभार असा लावतात. आणि तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर सर्वांच्या ओठांवर आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ओळखणारी ही कथा नसती, तर ‘थापटणे’ हे अवजाराचे नाव कुंभारवाड्याबाहेर कितीजणांना कळले असते? कुंभार खरेच असे वाजवून पाहतो. अर्धवट सुकलेले भांडे आतून गोट्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात, तेव्हा त्याची भिंत पातळ होते आणि पोट फुगते. चाकावर माठ पुरा होतच नाही. चाकावर फक्त त्याची सुरुवात होते. या दुसऱ्या टप्प्याची शब्दसंपत्ती मोठी आहे आणि नोंदींत तीच सर्वांत विरळ आहे.

मराठी–इंग्रजीचा पहिला मोठा कोश १८३१ साली निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६०,०००च्या आसपास गेले. शब्द जमवणारे बहुतेक ब्राह्मण पंडित होते. रांजण, डेरा, घागर, उतरंड हे त्यांच्या घरातलेच शब्द, ते नेटके आले. काम मोठे होते आणि आजही त्या कोशावाचून पान हलत नाही. पण विकत घेणाऱ्याच्या नजरेला जे दिसले तेवढे त्यात उतरले.

खरी गुंतागुंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली आणि ती ‘कुंभारी’ या एका शब्दाभोवती आहे. भाषांच्या सरकारी पाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ साली आला. त्यात वऱ्हाड आणि मध्य प्रांतांतल्या बोलींमध्ये कोष्टी, धनगरी अशा नावांबरोबर ‘कुंभारी’ हेही नाव येते. नमुन्यासाठी ठिकठिकाणांहून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगवून घेतली होती. त्या गोष्टीत शेत आहे, डुकरे आहेत, मेजवानी आहे. चाक नाही, माती नाही, आवा नाही. साहजिकच कुंभाराच्या तोंडची गोष्ट शेजारच्या वऱ्हाडीहून फारशी वेगळी निघाली नाही. जे वेगळे असते ते विचारलेच नव्हते. पुढे कुणी कुंभारांच्या बोलण्याकडे वळले की ‘ती तर वऱ्हाडीच’ असे उत्तर तयार असायचे.

त्याच सुमारास जातिजमातींचे खंड निघत होते, १९१६ साली मध्य प्रांतांचे आणि १९२० ते १९२२ दरम्यान मुंबई इलाख्याचे. त्यांत थोरचाके, लहानचाके, हातघडे ही नावे पोटजाती म्हणून दिली आहेत. थोरचाके म्हणजे मोठे चाक वापरणारे, लहानचाके म्हणजे लहान चाक वापरणारे. चाकाच्या आकारावरून लग्नसंबंध ठरत, म्हणून हे शब्द जातीच्या रकान्यात गेले आणि अवजाराच्या रकान्यात आलेच नाहीत. दोन्ही चाकांत नेमका फरक काय, कोणत्या चाकावर कोणते भांडे काढत, हे त्या रकान्यात कोण विचारणार?

या शब्दांना जातीची खूण द्यायची की कामाची, यावर दोन मते आहेत. एक मत असे की धंदा जातीतच चालत होता, तेव्हा शब्दांना जातीचे नाव देणे वस्तुस्थितीला धरूनच आहे. दुसरे मत असे की ‘कुंभारी’ ही खूण कामाची असावी, माणसाची नसावी. मला दुसरे मत पटते, आणि त्याला धारावीचा कुंभारवाडा पुरेसे कारण आहे. तिथले कारागीर मूळचे सौराष्ट्रातले, १९३०च्या दशकात तिथे वसले आणि घरी गुजराती बोलतात. मुंबईच्या कितीतरी घरांतल्या पणत्या त्यांच्या हातच्या. त्यांचे शब्द मराठी बोलींच्या यादीत बसत नाहीत, जातीच्या जुन्या यादीतही नीट बसत नाहीत. कामाच्या यादीत मात्र सरळ बसतात.

१९३२ ते १९३८ दरम्यान सात खंडांत निघालेल्या मराठी शब्दकोशाने धंद्याच्या आणि प्रदेशाच्या शब्दांपुढे कंसात खूण द्यायची पद्धत नीट चालवली. कोकण, गोवा, वऱ्हाड असे भेद दिसू लागले. आपल्याकडे धंद्याच्या शब्दांना मिळालेली ही सर्वांत चांगली जागा, असे मी मानतो.

राज्यस्थापनेनंतर परिभाषा घडवायची वेळ आली तेव्हा मात्र गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. मृत्पात्री, मृत्तिका उद्योग असे संस्कृत शब्द जोडले गेले आणि भाजण्याच्या जागेला सरसकट ‘भट्टी’ म्हटले जाऊ लागले. भट्टी बांधलेली असते, वर्षानुवर्षे उभी राहते. आवा दर खेपेला नवा रचतात: खाली जळण, वर भांडी, फटींतून गोवऱ्या नि पाचोळा, वरून खापरांचे आणि राखेचे पांघरूण. भाजून झाले की मोडतात. भांडी काळी हवीत तर आवा मोडण्याआधी हवा कोंडतात. दोन्हींना एकच शब्द दिला की ही सगळी रचना नजरेआड होते.

गेल्या काही वर्षांत बदल झपाट्याने आला. २०१८पासून केंद्राच्या योजनेतून विजेची चाके वाटली गेली. काठीने फिरवायचे जड चाक मागे पडू लागले आणि त्याच्या खुंटीचे, दांड्याचे बोलणेही. शहरांत ‘कुल्हड’ चहाबरोबर आला. बोळके हा शब्द असताना तो परक्या नावाने आला, हे मला खटकते.

बोलींच्या नव्या पाहण्यांत आता ध्वनिमुद्रण होते. पण गावागावांची तुलना करायची म्हणून प्रश्नावलीत सर्वांना विचारता येतील असेच शब्द ठेवावे लागतात. कुंभाराला खाटेवर बसवून विचारले तर तोही गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच बोलतो. बायकोला ‘जरा कड धर’ म्हणताना जो शब्द निघतो तो वेगळा. त्यात काम पावसाळ्यात मंदावते, ओली भांडी सुकत नाहीत. मुद्रण करायचे तर दिवाळीपासून उन्हाळ्यातल्या माठांच्या हंगामापर्यंत, आवा रचायच्या दिवशी पहाटे जावे लागते, आणि बायकांना आधी विचारावे लागते, कारण माती मळणे, सुकवणे, रंगवणे बऱ्याच घरांत त्यांच्याकडे असते.