मत्स्यालयाचे लाकडी झाकण

घरगुती फिशटँकवर बसवण्यासाठी लाकूड किंवा प्लायवूडची केलेली, आत दिव्याची सोय असलेली पेटी. हौशी मंडळी तिला ‘हूड’ म्हणतात. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत, पाणी कमी उडावे आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर न येता पाण्यावर पडावा, यासाठी ती असते.

टाकीतून दिवसरात्र वाफ वर येते आणि झाकणाच्या आतल्या अंगाला थेंब धरतात. लाकडाचे तंतू बारीक नळ्यांसारखे असतात. फळी आडवी कापली की त्यांची तोंडे उघडी पडतात. सपाट अंगापेक्षा या कापीव टोकांतून पाणी कितीतरी वेगाने आत ओढले जाते. त्यामुळे झाकण बहुधा कोपऱ्याच्या सांध्यापासून कुजायला लागते, आणि महागडे लाकूड आणूनही कडा उघड्या ठेवल्या तर पैसे वाया जातात.

लाकडांत सागवान उत्तम. पूर्ण ओले सागवान पूर्ण सुकताना खोडातल्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने २.५ टक्केच आटते, म्हणून फळी फारशी वाकत नाही. मात्र गाभ्याचे, तपकिरी लाकूडच घ्यावे. सालीजवळचा पांढरट भाग ओलीत टिकत नाही. जुन्या दारा-खिडक्यांचे मुरलेले सागवान मिळाले तर सोडू नये. त्यातले अंगचे तेल वॉर्निश धरू देत नाही, तेव्हा लेपाच्या आधी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा. प्लायवूड घ्यायचे तर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचे, म्हणजे मरीन (ओलीत टिकणारे). त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो का, हे तपासलेले असते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, कितीही गुळगुळीत दिसले तरी नकोच; ओल लागली की त्याच्या कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

लेप इपॉक्सीचा किंवा पॉलियुरेथेनचा द्यावा. लाखेचे पॉलिश ओलीने पांढरे पडते, तर कच्च्या जवस तेलावर बुरशी येते. पहिला हात थोडा पातळ करून कडांना द्यावा. प्लायवूडच्या कडेवर तो बघता बघता जिरतो, ओली चकाकी जाऊन कड पुन्हा कोरडी, खरखरीत दिसू लागते. चकाकी टिकेपर्यंत हात देत राहावे आणि दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. बाहेरची बाजूही तितकीच बंद करावी. एकच बाजू ओल पीत राहिली की फळी पन्हळीसारखी वळते. वायरीसाठी पाडलेली भोके तर हमखास विसरली जातात. कोकणातल्या पावसाळ्यात लेप सुकायला फार वेळ लागतो, शक्यतो हे काम उन्हाळ्यात उरकावे.

हाताला कोरडा लागलेला लेप आतून कच्चा असू शकतो. पेटीत नाक घालून वास येत असेल तर ती टाकीवर ठेवू नये, कच्च्या लेपाची वाफ खालच्या पाण्यातच उतरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. लोखंड गंजते, पितळेत तांबे असते, आणि पाण्यात उतरलेले थोडेसे तांबेही कोळंबी व गोगलगाईंच्या जिवावर उठते.