तळघरातील ओल (सांगली परिसर)

जमिनीखालच्या खोलीत भिंती-फरशीतून झिरपणारे पाणी आणि तिथल्या हवेत साठणारा दमटपणा, या दोन्हींना बोलीत 'ओल' हा एकच शब्द आहे. उपाय मात्र वेगळे आहेत. पहिलीला जलरोधन लागते, दुसरीला हवा कोरडी करणे. ही ओळख न पटवता काम काढले, तर खर्च वाया जातो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडची ओली झाली तर हवेतली वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमते. लोणा लागणे, गिलाव्याचे पोपडे निघणे ही झिरपण्याची लक्षणे. पाण्याबरोबर आलेले क्षार पाणी सुकल्यावर भिंतीवर उरतात, तोच लोणा.

सांगली कृष्णाकाठी, बरीचशी काळ्या मातीवर वसली आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली उतरते, पुढे फुगलेली माती भिंत बाहेरून रेटते. त्यामुळे तळघराच्या भिंतीमागे काळ्या मातीऐवजी खडी-मुरमाचा भराव घालणे केव्हाही चांगले. शहराला लागून असलेल्या हरिपूरला हळद साठवायची पेवे जमिनीतच खणली जात. तिथली माती पाणी झिरपू देत नसे, म्हणून हळद टिके. जमिनीखाली कोरडे राहायचे तर आधी माती पारखावी लागते, हे त्या पेवकऱ्यांना पक्के ठाऊक होते. २००५च्या महापुरात मात्र पुष्कळ पेवांची हानी झाली.

जलरोधन बाहेरून केलेले सर्वांत टिकाऊ. गच्चीचे पाणी पाइपाने घरापासून दूर सोडणे, अंगणाचा उतार बाहेरच्या दिशेने ठेवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. नवे तळघर बांधताना शहाबादी फरश्यांचे 'बॉक्स टाइप' वॉटरप्रूफिंग करतात, म्हणजे तळ आणि भिंती बाहेरून फरश्यांनी पेटीसारख्या वेढतात. जुन्या घरात बाहेरून खणता आले नाही, तर भेगांत ग्राउट (सिमेंटसारखे पातळ मिश्रण) भरून आतून जलरोधक लेप देतात. ओल्या भिंतीला नुसता रंग फासणे हा उपाय नव्हे.

हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. डीह्युमिडिफायर थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातले पाणी भांड्यात उतरवतो. तो चालू असताना खिडक्या बंद हव्यात. पावसाळ्यात 'हवा खेळू दे' म्हणून त्या उघडल्या, की बाहेरचाच दमटपणा आत येतो.

पुराची गोष्ट वेगळी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरताच बुडालेले तळघर एकदम उपसू नये. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आणि आतला आधार गेला की भिंत आत कोसळू शकते किंवा फरशी उचलते. वीज तोडलेली असल्याची खात्री करून फूटभर पाणी काढावे, भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेले दिसले, तर उपसा आणखी एक दिवस पुढे ढकलावा.