मागच्या बाळंतपणाचा रकाना : कमी वजनाच्या बाळांची पार्श्वभूमी

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल म्हणजे ‘कमी वजनाचे बाळ’ ही व्याख्या आज प्रत्येक आशाताईला तोंडपाठ असते, पण ती टप्प्याटप्प्याने ठरली आहे. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ मध्ये २,५०० ग्रॅमची रेषा सुचवली. त्यांच्या लेखी ती अपुऱ्या दिवसांचे मूल ओळखण्याची खूण होती, आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती त्याच अर्थाने स्वीकारली. नऊ महिने पूर्ण भरूनही किडकिडीत जन्मणारी कितीतरी मुले या रेषेखाली सापडत होती, म्हणून १९६१ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘अपुऱ्या दिवसांचे’ आणि ‘कमी वजनाचे’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. भारतात दिवस भरलेली पण पोटातच वाढ खुंटलेली मुले मोठ्या संख्येने जन्मत असल्याने आपल्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

आईच्या मागच्या बाळंतपणांचा संबंध पुढच्या बाळाच्या वजनाशी असतो, हे सुईणींना अनुभवाने ठाऊक होतेच. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो नॉर्वेत, जिथे १९६७ पासून प्रत्येक जन्माची राष्ट्रीय नोंद होत असल्याने एकाच आईची सगळी बाळंतपणे एकमेकांशी जोडून पाहता आली. १९७९ मध्ये लाइव्ह बाकेटाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पहिले मूल लवकर किंवा हलके जन्मले असेल, तर त्याच आईचे दुसरे मूलही तसे होण्याचा संभव बराच वाढतो. आईची उंची व अंगकाठी, अंगातले रक्त, रक्तदाब, वारेचे काम ही कारणे एका बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. मृत जन्म आणि वारंवार झालेले गर्भपात याच साखळीत बसतात. दोन बाळंतपणांतले अंतरही तसेच. बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये सुचवले.

बेळगावच्या सीमाभागात नेमका हाच पूर्वेतिहास हातातून निसटतो. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या लेकी खानापूर, हुक्केरी, निपाणीकडे नांदायला येतात आणि रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. त्या बाळाचे वजन महाराष्ट्रातल्या कार्डावर लिहिले जाते आणि ते कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते. दुसऱ्या वेळी कर्नाटकात हाती पडते ते ‘तायी कार्ड’ (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई), ज्यात मागच्या बाळंतपणाचा रकाना तोंडी उत्तरावर भरला जातो. “पहिलं केवढं होतं गं?” असे आशाताईने विचारले की “एवढुसंच होतं ओ ताई, कापसात ठेवलेलं” हे उत्तर मिळते. ते खरे असते, पण बाळ सातव्यात झाले म्हणून लहान होते की दिवस भरूनही लहान होते, हे त्यातून कळत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पोट पडले असेल तर सासूसमोर ते सांगितलेही जात नाही. हा प्रश्न बाईला एकटीला गाठून, तिच्याच भाषेत विचारला गेला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

निपाणी भागाला तंबाखूचाही इतिहास आहे. तिथल्या बायकांच्या पिढ्या विड्या वळण्यात गेल्या, आणि मिशरी लावण्याची सवय तर दोन्ही राज्यांतल्या घराघरांत आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत मिशरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली; हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय सुटली नाही तर प्रत्येक गरोदरपणात तीच झीज पुन्हा होते.

आहाराच्या बाजूने पाहता, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले, आणि पालेभाज्या, फळे, दूध अधिक खाणाऱ्या आयांची बाळे आकाराने मोठी आढळली. “जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होऊन अडेल” हा सल्ला सीमाभागात अजूनही दिला जातो, म्हणून कर्नाटकाने २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत सुरू केलेल्या गरम जेवणाला मी साध्या वाटपापेक्षा मोठे मानतो.

पहिलटकरणीला मात्र मागचा रकानाच नसतो. तिच्यासाठी झालेल्या एका मोठ्या चाचणीत बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. सहा देशांतल्या सुमारे १२,००० पहिलटकरणींपैकी निम्म्यांना पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज सुरू केले गेले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले. ही गोळी डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यायची असते. तीच बाई दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला येते, तेव्हा तिच्या मागच्या बाळाचे वजन आणि महिने हे दोन्ही आकडे माहेरच्या कार्डावर असतात. त्या कार्डाचा फोटो भावाकडून मोबाइलवर मागवून घेणाऱ्या आशाताईला ते तिथल्या तिथे मिळतात.