मारुती ८०० (दुसरी पिढी)

मारुती उद्योग लिमिटेडच्या गुडगाव येथील कारखान्यात १९८६ पासून बनलेली पाच दारांची छोटी मोटार. सांकेतिक नाव एसबी ३०८. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली ती गाडी ही नव्हे. ती एसएस ८०, १९७९ च्या सुझुकी आल्टोवर बेतलेली.

पिढ्यांची मोजणी सगळीकडे सारखी होत नाही. एसएस ८० जेमतेम तीनेक वर्षे बनली, म्हणून काही जण ती हिशेबात धरत नाहीत आणि १९९७ साली गोलसर नाकाची झालेली गाडी ‘दुसरी’ मानतात. पण १९९७ चा बदल मुख्यतः तोंडवळ्याचा होता. दारे, छप्पर आणि पुढच्या-मागच्या आसांमधले २,१७५ मिमी. अंतर जुनेच राहिले. १९८६ मध्ये मात्र सांगाडाच नवा आला आणि मागच्या चाकांवरचे पाटे (लीफ स्प्रिंगा) जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या. येथे म्हणून १९८६ हीच सीमा धरली आहे. सुझुकीच्या वंशावळीशीही ती जुळते, कारण ही गाडी म्हणजे १९८४ मध्ये जपानात आलेली दुसरी आल्टो. (भारतात २००० साली ‘आल्टो’ म्हणून आलेली गाडी त्याच घराण्याच्या नंतरच्या पिढीतली. त्यामुळे पुढे बरीच वर्षे एकाच शोरूममध्ये दोन आल्टो उभ्या असत. त्यांतल्या एकीवर ते नाव नसे, इतकेच.)

गाडीच्या अरुंदपणाचे मूळ जपानी नियमांत आहे. तेथील ‘केई’ या सर्वांत छोट्या मोटारींच्या वर्गाला त्या काळी ५५० घ.सेंमी. इंजिन, ३.२ मी. लांबी आणि १.४ मी. रुंदी अशी मर्यादा होती. भारतात तीन सिलिंडरांचे ७९६ घ.सेंमी. इंजिन (एफ८बी, सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी., दट्ट्याची धाव ७२ मिमी.) बसवले आणि लांबी ३,३३५ मिमी. झाली. वाढीव लांबीतला बराच भाग बंपरांचा; आतली जागा केईचीच. मागे तिघे मोठे बसले की मधल्याला पाठ न टेकता पुढे सरकून बसावे लागे.

सुरुवातीच्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळायला कार्ब्युरेटर होता. त्यांना हाताने ओढायचा चोक होता; तो ओढला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे. थंडीतल्या सकाळी तो ओढून, इंजिन तापले की हळूहळू आत ढकलायचा. २००० च्या सुमारास प्रदूषणाच्या निकषांमुळे कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआयने (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीने) घेतली.

१९८७ मध्ये ५०० गाड्या हंगेरीला गेल्या. एप्रिल २०१० पासून भारत स्टेज-४ हे धुराचे कडक निकष लागू झालेल्या १३ शहरांत विक्री थांबली. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. इतरत्र ती चालू राहिली. भारतातले उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये संपले. पाकिस्तानात हाच सांगाडा ‘सुझुकी मेहरान’ या नावाने १९८९ पासून २०१९ पर्यंत बनत होता.